मोटारीतून अमेरिकेच्या आरपार : एक माहितीपट आणि त्यातील दुसरा गृहस्थ

सन १९०३ च्या मे महिन्याच्या १९ व्या तारखेस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरात, युनिव्हर्सिटी क्लब नावाच्या मंडळात, काही सुखवस्तू गृहस्थ मोटारगाडीविषयी वाद घालीत बसले होते. मोटार म्हणजे श्रीमंतांचे चार दिवसांचे खूळ, तिच्यातून लांबचा प्रवास होणे नाही, असे बहुतेकांचे मत पडले. मंडळीत होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाचा एकतीस वर्षांचा डॉक्टर होता. त्यास हे मत मानवले नाही. तीन महिन्यांच्या आत मोटारीतून न्यूयॉर्कास पोहोचून दाखवितो, असे तो म्हणाला व त्यावर पन्नास डॉलरांची पैज लागली. चारच दिवसांनी, २३ मे रोजी, तो निघाला देखील.

पैज मारणे हा प्रकार आम्हास मुळीच मान्य नाही, व मुलांनी त्याचे अनुकरण करू नये. परंतु या पैजेतून जो प्रवास घडला तो मात्र जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोटारीने झालेला तो पहिला प्रवास होय. त्यास शंभर वर्षे झाली त्या साली, म्हणजे २००३ मध्ये, केन बर्न्स या अमेरिकन दिग्दर्शकाने त्यावर सुमारे पावणेदोन तासांचा एक माहितीपट काढला. त्याचे नाव 'होरेशिओज ड्राइव्ह', म्हणजे होरेशिओची मोटारसफर. लेखन डेटन डंकन यांचे आहे. आमच्या वरच्या वर्गांस तो दाखविला असता मुलांनी मोठे मार्मिक प्रश्न विचारले. बोलतो तो आवाज त्या डॉक्टराचाच काय? त्या काळी हलती चित्रे घेण्याचे यंत्र निघाले होते काय? आणि एका मुलीने विचारले की, गाडीत दुसरा मनुष्य आहे तो कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याचे तितके सोपे नाही, व मुख्यतः त्याकरिताच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम प्रवासाची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे.

जॅक्सन हा एका पाळकाचा मुलगा. त्याचा जन्म १८७२ साली कॅनडातील टोरोंटो येथे झाला. पुढे तो अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट संस्थानात बर्लिंग्टन गावी राहू लागला. क्षयाची सौम्य बाधा झाल्यामुळे त्याने वैद्यकीचा धंदा सोडला होता. पत्नी बर्था हिचे माहेर औषधाच्या कारखान्यामुळे संपन्न होते, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. पैज लागली त्या दिवशी त्याच्यापाशी प्रवासास योग्य अशी मोटार नव्हती, आणि यंत्राची माहितीही बेताचीच होती. म्हणून त्याने सूअल क्रॉकर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणास बरोबर येण्यास गळ घातली. क्रॉकर पूर्वी सायकलींच्या शर्यती खेळणारा असून पेट्रोलच्या इंजिनांचा वाकबगार मिस्त्री होता. विंटन कंपनीची गाडी घ्यावी हा सल्ला त्याचाच. तीन हजार डॉलर देऊन एक वापरलेली विंटन गाडी घेण्यात आली व तिचे नाव, धन्याच्या प्रांतावरून, 'व्हरमाँट' असे ठेविले. बर्था आगगाडीने घरी परतली, आणि हे दोघे मोटारीने निघाले.

ही गाडी आजच्या मोटारीसारखी होती असे कोणी समजू नये. तिला छप्पर नव्हते, समोर काच नव्हती. बैठकीखाली दोन सिलिंडरांचे, वीस अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याची शक्ती मागील चाकांस पोहोचविण्याचे काम सायकलीस असते तशी एक जाड साखळी करी. सपाट व कोरड्या वाटेवर ती ताशी तीस मैलांपर्यंत पळे. पण सपाट व कोरडी वाट होती कोठे? गावांबाहेर फरसबंदी रस्ता त्या देशात जवळजवळ नव्हताच. बैलगाड्यांच्या व घोडागाड्यांच्या चाकोऱ्या, मेंढपाळांच्या पायवाटा आणि पूल नसलेले ओढे, हाच त्यांचा राजमार्ग. रस्त्याच्या कडेला नावाच्या पाट्या नाहीत, नकाशे भरवशाचे नाहीत, आणि पेट्रोल मिळाले तर गावच्या दुकानदाराकडे मिळावयाचे.

दोन वर्षांपूर्वी, १९०१ मध्ये, खुद्द अलेक्झांडर विंटन, म्हणजे ज्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली तो कारखानदार, हाच प्रवास करू गेला होता आणि नेव्हाडातील वाळवंटाच्या रेतीत चाके रुतल्यामुळे त्यास तो सोडावा लागला होता. जॅक्सनने त्यापासून बोध घेतला. त्याने सरळ पूर्वेची वाट सोडून प्रथम उत्तरेस ऑरेगॉनकडे गाडी वळविली, आणि मग आयडाहो, वायोमिंग, नेब्रास्का असे प्रांत ओलांडून जाण्याचे योजिले. अंतर पुष्कळच वाढले, पण वाळवंट चुकले. पैज उतावळेपणाने मारली खरी, परंतु मार्ग मात्र शहाणपणाने निवडला.

आरंभीच विघ्न आले. शहरातून निघून पंधरा मैल होतात न होतात तो एक टायर फुटला. जोडीस योग्य असा जादा टायर सॅन फ्रान्सिस्कोत एकच मिळाला होता, तो तेथेच खर्ची पडला. पुढे टायर फाटले म्हणजे चाकाभोवती दोर गुंडाळून गाडी हाकावी असा प्रसंग येऊ लागला. इंजिनाचा आवाज एवढा की, मागे बांधलेली स्वयंपाकाची भांडी धक्क्यांनी एकेक करून गळून पडली तरी दोघांस पत्ता नाही! कॅलिफोर्नियात एका बाईस वाट विचारली, तर तिने त्यांना मुद्दाम भलत्याच दिशेस पाठविले. कारण काय, तर तिच्या घरच्या माणसांनी मोटार कधी पाहिली नव्हती. ती त्यांच्या दृष्टीस पडावी! या दर्शनापायी बिचाऱ्यांचा जाऊन-येऊन १०८ मैलांचा हेलपाटा झाला. त्या बाईवर रागवावे की हसावे हे आम्हास अजून ठरविता आलेले नाही.

ओढे व चिखल आले म्हणजे कप्पी आणि दोर बाहेर निघत. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात कप्प्यांची जोडी सर्वांनी पाहिली आहे. दोर जितके वेढे घेतो त्या मानाने ओढणाराचा जोर वाढतो, पण तितकाच अधिक दोरही ओढावा लागतो. एक टोक पलीकडील झाडास किंवा जमिनीत रोविलेल्या खुंटास बांधावयाचे, दुसरे गाडीस, आणि मग बोटाबोटाने गाडी वर काढावयाची. परीक्षेत ज्या सूत्रास चार गुण मिळतात, त्या सूत्रावर या दोघांचा सारा प्रवास अवलंबून होता.

आता या प्रवासात कोणी काय केले इकडे लक्ष द्यावे. जून महिन्यात ऑरेगॉनमध्ये गाडी बंद पडली, तेव्हा एका घोडेस्वार गुराख्याने ती दोराने ओढून एका गोठणावर नेली. क्रॉकरने ती दुरुस्त केली. परंतु पुढे पाहतात तो गळतीने सर्व पेट्रोल वाहून गेलेले. सर्वांत जवळचे गाव पंचवीस मैलांवर. त्या गावाचे नाव बर्न्स. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्यावरून ते पडले आहे, माहितीपटाच्या दिग्दर्शकाशी त्याचा काही संबंध नाही. जॅक्सनने एक सायकल भाड्याने घेतली व तिच्यावर क्रॉकरची रवानगी केली. वाटेत सायकलीचेही चाक फुटले. तरी तो गेला आणि चार गॅलन पेट्रोल घेऊन परत आला. पुढे एके ठिकाणी वंगणाचे तेल संपले असता मात्र जॅक्सन स्वतः चालत मागील गावी गेला, हे सांगितले पाहिजे. धनी काही केवळ बसून राहणारा नव्हता.

वायोमिंगमधील प्रवास सर्वांत कठीण गेला. इंजिनाचा दांडा मोडला, तेव्हा ओहायोतील क्लीव्हलंड येथील विंटनच्या कारखान्यातून नवा भाग आगगाडीने येईपर्यंत खोळंबून राहावे लागले. मोटारीची सरशी दाखविण्यास निघालेल्यांचा जीव असा पदोपदी आगगाडीच्या व तारायंत्राच्या हाती होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. एकदा छत्तीस तास अन्न मिळाले नाही. शेवटी एका मेंढपाळाने भाजलेले कोकराचे मांस व उकडलेला मका देऊन त्यांचा जीव वाचविला. जॅक्सनचा अंगरखा वाटेत कोठे तरी पडला. त्यात बहुतेक सर्व पैसे होते. पुढील शायेन गावी पैसे पाठवावे म्हणून पत्नीस तार करावी लागली. आणि त्या गावी पोहोचण्यापूर्वीच चाकाच्या बेअरिंगांनी दगा दिला.

बेअरिंग म्हणजे चाक व आस यांच्यामधील पोलादी छर्ऱ्यांची कडी. छर्रे फिरतात म्हणून घर्षण कमी होते व चाक सुरळीत चालते. ते झिजले की आस व चाक एकमेकांस खाऊ लागतात. आता त्या माळरानात मोटारीचे दुकान कोठून असणार? परंतु जवळच्या एका शेतकऱ्यापाशी गवत कापण्याचे यंत्र होते. क्रॉकरच्या ध्यानात आले की, यंत्रे निराळी असली तरी चाकाचा धर्म एकच. त्याने त्या शेतकऱ्याची समजूत घालून यंत्रातील बेअरिंगे मागून घेतली व ती गाडीस बसविली. आमच्या मते सबंध प्रवासातील बुद्धिमत्तेचा खरा प्रसंग हाच. पैज मारण्यास जीभ लागते. गवताच्या यंत्रात मोटारीचे चाक पाहण्यास निराळी दृष्टी लागते.

मुलांस सर्वांत प्रिय झालेला प्रवासी तिसराच होता. आयडाहोतील कॉल्डवेल येथे १२ जूनच्या सुमारास जॅक्सन आपला विसरलेला कोट आणण्यास मागे वळला असता एका मनुष्याने त्यास एक कुत्रा विकत देऊ केला. पंधरा डॉलरांत सौदा झाला. या कुत्र्याचे नाव बड. पांढऱ्या क्षारांची धूळ डोळ्यांत जाऊन त्याचे डोळे दुखू लागले, तेव्हा त्यास धन्याप्रमाणेच मोटारीचा चष्मा बांधण्यात आला. तो पुढे बसून वाटेवर नजर ठेवी. गावोगावच्या वर्तमानपत्रांस असा विषय म्हणजे पर्वणी! पण हे कुत्रे आले कोठून? एका पत्राने लिहिले, ते चोरून आणले. दुसऱ्याने लिहिले, ते आपण होऊन गाडीमागे लागले. जॅक्सन स्वतः लिहितो, ते विकत घेतले. छापून आले म्हणजे खरे झाले असे मानणाऱ्यांनी या एका कुत्र्याच्या तीन जन्मकथा ध्यानात ठेवाव्यात. आम्ही जॅक्सनचे म्हणणे ग्राह्य धरतो, कारण पैसे त्याने दिले होते.

१२ जुलै रोजी ते ओमाहास पोहोचले. तेथून पुढे वाटा बऱ्या होत गेल्या. शिकागो व क्लीव्हलंड येथे त्यांचे स्वागत झाले. न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो शहराच्या पूर्वेस मात्र, सारे काही सुरळीत चालले असता, वाटेतील एका न दिसलेल्या अडथळ्यावर गाडी आदळून धनी, मिस्त्री व कुत्रा असे तिघेही बाहेर फेकले गेले. सुदैवाने कोणास मोठी इजा झाली नाही. २६ जुलै १९०३ रोजी पहाटे साडेचार वाजता 'व्हरमाँट' न्यूयॉर्क शहरात शिरली. ६३ दिवस, १२ तास व ३० मिनिटे लागली होती. अंतर सुमारे साडेचार हजार मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटरांच्या वर झाले. पेट्रोल सुमारे आठशे अमेरिकन गॅलन जळले. गणिताच्या विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा. एका लिटरास अडीच किलोमीटरही पडत नाहीत. क्रॉकरचा पगार धरून एकंदर खर्च आठ हजार डॉलर झाला, आणि हे सर्व पन्नास डॉलरांच्या पैजेकरिता!

दुसऱ्याही दोन गाड्या त्याच उन्हाळ्यात त्याच ध्येयाने निघाल्या होत्या. पॅकार्ड कारखान्याची गाडी २० जूनला निघून २१ ऑगस्टला पोहोचली. ओल्ड्समोबिल ६ जुलैस निघाली ती १७ सप्टेंबरास पोहोचली. त्यांच्यामागे कारखान्यांचे बळ होते; जॅक्सन स्वतःच्या पदरचे खर्चून निघाला होता. लोकांस हे खरे वाटेना. कंपनीनेच आतून पैसा पुरविला, गाडी मधूनमधून आगगाडीवर चढविली, अशी कुजबूज सुरू झाली. तेव्हा हे सिद्ध करून देणाऱ्यास विंटन कंपनीने दहा हजार डॉलरांचे इनाम लावले व जॅक्सनने त्यात आपले पंधरा हजार घातले. इनाम मागण्यास कोणीही पुढे आला नाही. आमच्या मुलींच्या माहितीकरिता हेही सांगतो की, सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, ॲलिस रॅम्सी नावाची बावीस वर्षांची स्त्री आणखी तीन स्त्रियांस बरोबर घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एकोणसाठ दिवसांत मोटार हाकीत गेली, आणि त्या चौघींत मोटार हाकता येणारी ती एकटीच होती.

आता माहितीपटाकडे वळू. हलती चित्रे त्या वेळी निघाली होती काय, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, त्यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे हलते चित्र घेतले होते, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो समारंभही आपल्या यंत्रावर टिपला होता. म्हणजे जॅक्सन निघाला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. परंतु ऑरेगॉनच्या माळरानात यंत्र घेऊन कोण उभा राहणार? जॅक्सनपाशी होता तो साधा कोडॅक कॅमेरा. त्यामुळे दिग्दर्शकास प्रवासाची कथा मुख्यतः स्थिर छायाचित्रांवर उभी करावी लागली.

स्थिर चित्रास हलते कसे करावे ही या दिग्दर्शकाची खासियत आहे. तो छायाचित्रासमोर चित्रयंत्र ठेवून ते अगदी सावकाश सरकवितो. प्रथम चिखलात रुतलेले चाक दिसते, मग दोर, मग दोर ओढणारे हात, आणि शेवटी मुद्रा. चित्र तेच असते. आपला डोळा मात्र चालतो. ही युक्ती त्याच्यापूर्वीही दुसऱ्यांनी वापरली होती, पण त्याने तिचा इतका उपयोग केला की, आता संगणकावर चित्रे जुळविणारे लोक तिला त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या जोडीस आजच्या अमेरिकेतील त्याच प्रांतांची माळराने, डोंगर व आकाश नव्याने टिपून मधूनमधून दाखविले आहे. हा भाग मोठा रमणीय आहे. परंतु तो पाहताना हे आजचे दृश्य, १९०३ चे नव्हे, हे भान ठेवावे लागते.

आवाजाचेही तसेच. जॅक्सनची वाक्ये ऐकू येतात ती टॉम हँक्स या प्रसिद्ध नटाच्या तोंडून, आणि निवेदन कीथ डेव्हिड याचे आहे. जॅक्सन १९५५ साली मरण पावला. मग यास फसवणूक म्हणावी काय? आम्हास तसे वाटत नाही. मंडळीत शास्त्रपाठ वाचणारा मनुष्य प्रेषितांचे पत्र वाचतो, तेव्हा तो स्वतःस प्रेषित म्हणवून घेत नाही. आवाज उसना असला तरी शब्द खरे असावेत, एवढीच अट. आणि येथे शब्द खरे आहेत. जॅक्सन वाटेतून पत्नीस वरचेवर पत्रे व तारा पाठवी. लाडाने तो तिला 'स्वाइप्स' म्हणे. ती पत्रे घरच्यांनी जपून ठेविली म्हणून शंभर वर्षांनी लेखकास त्यांचा उपयोग करता आला. टायर आज येतील, उद्या येतील, सारे उत्तम चालले आहे, अशा आशेने ती भरलेली आहेत, आणि पुढच्याच चित्रात गाडी पुन्हा बंद पडलेली! पाहणाऱ्यास हसू येते. पण त्या हसण्याखाली माया आहे, कारण दूर असलेल्या पत्नीस काळजी वाटू नये म्हणून मनुष्य कसे लिहितो हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ठाऊक आहे. मुंबईहून गावी आलेली किती पत्रे अशीच असत!

आणि येथेच त्या मुलीचा प्रश्न पुढे येतो. गाडीत दुसरा मनुष्य आहे तो कोण?

पत्रे जॅक्सनची. कात्रणांची वही जॅक्सनची. गाडी जॅक्सनची. माहितीपटाच्या नावातही होरेशिओच आहे. क्रॉकर आपल्यास भेटतो तो बहुतांशी दुसऱ्याच्या शब्दांतून. जॅक्सनने त्याची उपेक्षा केली असे आम्ही म्हणत नाही. पण स्तुती झाली तरी ती दुसऱ्याने केलेली. सायकल फुटल्यावर त्या पंचवीस मैलांच्या वाटेवर त्याच्या मनात काय आले, शेतकऱ्याची समजूत त्याने कोणत्या शब्दांनी घातली, गाडीखाली उताणे पडून हत्यार चालविताना तो धन्यास काय म्हणाला, हे सांगणारे त्याचे पत्र पडद्यावर कोणी वाचून दाखवीत नाही. ज्याने लिहून ठेविले त्याचा आवाज आला. ज्याचे हात तेलाने माखलेले होते तो गप्प राहिला.

असे पूर्वापार होत आले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचा रोमकडील समुद्रप्रवास आहे. तेथे शताधिपती यूल्य याचे नाव लिहिलेले आहे. तारवाचा सुकाणूदार आहे, त्याचा धनी आहे, मध्यरात्री दोर सोडून पाण्याची खोली मोजणारे खलाशी आहेत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्यास ठाऊक नाही. लूकाने ते गाळले याबद्दल आमची तक्रार नाही, त्याचा विषय निराळा होता. परंतु वाचताना त्या खलाशांकडे पाहण्यास कोणी मनाई केलेली नाही.

माहितीपट पाहतानाही तसेच करता येते, आणि त्यास एक साधन चित्रातच आहे. ज्या छायाचित्रात जॅक्सन एकटाच ऐटीने सुकाणू धरून बसलेला आहे, ते पाहून स्वतःस विचारावे की, या क्षणी कॅमेरा कोणाच्या हाती असेल? गावातील चित्र असेल तर तो तेथील छायाचित्रकाराच्या हाती असू शकेल. पण निर्जन माळावरील चित्र असेल तर उत्तर पुष्कळदा एकच निघते. अशा रीतीने जो चित्रात नाही तोही दिसू लागतो. दिग्दर्शकाने ही गोष्ट शब्दांनी सांगितली असती तर बरे झाले असते असे आम्हास वाटते. पण दुरुस्तीचे प्रसंग त्याने घाईने उरकलेले नाहीत, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे वडील मोटारी हाकतात, गिरण्यांत व कारखान्यांत यंत्रे नीट करतात. त्यांची पत्रे कोणी जपून ठेवीत नाही, आणि मोठ्या साहेबांच्या निरोपसमारंभाच्या छायाचित्रात ते कडेला उभे असतात, किंवा नसतातच.

दोघांचे पुढे काय झाले तेही असमानच आहे. मोटारीतून सबंध पृथ्वीची प्रदक्षिणा करावी असे क्रॉकरच्या मनात होते, पण त्यास पैसा पुरविणारा कोणी मिळाला नाही. १९१३ साली, ऐन तारुण्यात, तो वारला. जॅक्सन दीर्घायुषी झाला. पहिल्या महायुद्धात त्याने पराक्रमाबद्दल पदक मिळविले, बर्लिंग्टनमध्ये अनेक उद्योग केले, आणि याच गावात मोटार ताशी सहा मैलांपेक्षा अधिक वेगाने हाकल्याबद्दल त्यास दंडही भरावा लागला! १९४४ साली त्याने आपली गाडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस देऊन टाकिली. तिच्याबरोबर कात्रणांची वही दिली, आणि बडचा चष्माही दिला.

एक प्रसंग सांगावयाचा राहिला. न्यूयॉर्कहून जॅक्सन पत्नीसह त्याच मोटारीने व्हरमाँटकडे निघाला. घर जवळ आले तेव्हा त्याचे दोन भाऊ आपापल्या मोटारी घेऊन त्यास सामोरे आले, आणि दोघांच्याही गाड्या वाटेत बंद पडल्या. साडेचार हजार मैल तुडवून आलेल्या 'व्हरमाँट'ने त्या ओढीत घरी आणल्या. मग ती आपल्या गाडीखान्याच्या दारात पोहोचली आणि उंबरठा ओलांडताना तिची साखळी तुटली. सबंध प्रवासात बदलाव्या न लागलेल्या थोड्या भागांपैकी ती एक होती.